भाडेकरूंच्या बाजूची मालकीण

आमच्या घरमालकीण कुसुमताई माझ्यावर चिडायच्या, कारण मी त्यांच्याशी भांडत नसे.

नेरळला त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. पहिल्याच आठवड्यात त्या गळका नळ बघायला आल्या. मी दार उघडून "या ना" म्हणालो. झालं! "या ना काय? मालक आधी न कळवता दारात उभा राहतो आणि तू या ना म्हणतोस?" भाड्याची पावती मागायची राहिली, तर स्वतः जिना चढून पावती हातात द्यायच्या आणि वर मलाच झापायच्या. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. "हक्क वापरला नाही तर गंजतो रे!" हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू यायचंच.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेवाळेने आपल्या भाडेकरूंचं पाणी बंद केलं. भाडेकरू म्हणजे सुनीता, इथल्याच कोंडाणे गावाच्या वरच्या आदिवासी वाडीतली. नवरा बांधकामावर, कडेवर तान्हं पोर. शेवाळेला ती खोली शनिवार-रविवारच्या पर्यटकांसाठी हवी होती. सुनीता आमच्या नळावर हंडा घेऊन आली, तेव्हा हा प्रकार कळला.

"बाई, कुनाला बोलू नका," ती म्हणाली. "करार नुसता कागदावर लिवलाय, नोंदवलेला नाय. आमाला भायेर काढतील."

"नोंदवणं मालकाचं काम गं! त्याने नोंदवला नाही, तर कायदा आधी तुझं म्हणणं धरतो. चल."

कुसुमताई पुढे, हंडा घेतलेली सुनीता मध्ये आणि उगाचच मी मागे, असे आम्ही शेवाळेच्या अंगणात पोचलो.

"बाई, घर माझं, नळ माझा," शेवाळे म्हणाला.

"घर तुझं, पण राहतेय ती. भाडेकरूचं पाणी तोडणं गुन्हा आहे. नागरिकशास्त्रात तुला ढकलपास केला, ते माझंच चुकलं. कॉक उघडतोस, की पोलीस ठाण्यात जाऊ?"

पन्नाशीचा शेवाळे बघता बघता सातवीतला झाला. वाकला आणि कॉक उघडला.

कराराची मुदत संपल्यावर मात्र त्याने खोली पुन्हा द्यायला नकार दिला. "तो त्याचा हक्क आहे," कुसुमताई कडू तोंड करून म्हणाल्या. सुनीता दुसरी खोली शोधत नेरळभर हिंडली. वाडीचं नाव ऐकलं की लोक नाही म्हणत.

कुसुमताईंच्या घरात तळमजल्यावर एक खोली होती, निखिलची. निखिल हा त्यांचा मुलगा, कायमचा कॅनडात. तरी ती खोली त्या कुणाला देत नसत, दर रविवारी पलंगावरची चादर तेवढी बदलत. एका सकाळी त्यांनी निखिलला फोन लावला. "खोली भाड्याने देतेय. हो, रीतसर नोंदवून." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "अरे, चालेल म्हणतोस ते ठीक, पण जरा कुरकुर तरी करायचीस," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सुनीता सामान घेऊन आली, तेव्हा मी आणि तिचा नवरा पलंग बाहेर काढत होतो. दारात थबकून ती म्हणाली, "बाई, पोर लय रडतं. तुमच्या भिंतीला लागून खोली, तुमाला तरास होईल."

कुसुमताई चादरीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रडू दे गं. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे, एवढं तरी कळेल."