मंगळवार, संध्याकाळी सहा

"ओफेलिया, मला आता हे थांबवायचंय," नोएलिया कोचावर पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाली.

डोक्यामागच्या खुर्चीतून तिच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा, ओफेलियाचा आवाज आला, "हं."

अकरा वर्षं, दर मंगळवारी संध्याकाळी सहाला, नोएलिया हेच छत बघत होती. तिथे ओलीचा एक डाग होता. पहिल्या वर्षी तो तिला वडिलांच्या बुटासारखा दिसायचा, पाचव्या वर्षी आईच्या तोंडासारखा. हल्ली तो नुसता ओलीचा डाग दिसायला लागला होता. म्हणजे आपण बऱ्या झालो, इतकं साधं गणित!

"थांबवायचंय," ओफेलिया म्हणाली. "आणि हे नेमकं वडिलांचा विषय निघाल्यावर सुचलं?"

"वडिलांचा विषय तुम्हीच काढलात!"

"हं. आज इथेच थांबूया."

झालं. नोएलिया रस्त्यावर, आणि पुढचा मंगळवार वहीत लिहिलेला.

बरं, भांडण ओफेलियाशी नव्हतंच. अडचण होती ढोलाची. दिवसभर चष्म्याच्या दुकानात "हे स्पष्ट दिसतंय की हे?" विचारून विचारून नोएलियाचं डोकं उठायचं, आणि तिला आयुष्यात एकदा तरी कार्निव्हलच्या पथकात मोठा ढोल बडवायचा होता. विशा क्रेस्पो वस्तीच्या पथकातला ढोलवाला गाव सोडून गेला आणि जागा झाली. पण सराव कधी? मंगळवारी. संध्याकाळी सहाला.

पथकप्रमुख ताती दिवसा बस चालवायचा, त्यामुळे थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "हे बघ पोरी, दोन मंगळवार ढोल ठेवतो. दुसऱ्या मंगळवारी साडेसहापर्यंत जो आधी ढोलापाशी येईल, ढोल त्याचा. अजून एक बाई मागे लागलीय. ती म्हणते, मंगळवारी सहाची एक चिवट भानगड आहे, ती मिटली की आलेच."

नोएलियानं आईला सांगितलं, तर एल्विराबाई उसळल्याच. "अकरा वर्षं तिथे माझ्या नावानं खडे फोडलेस, आणि आता माझी बाजू निघायच्या आत पळतेस?" बेकरीवाला क्रोसाँ बांधता बांधता म्हणाला, "मानसशास्त्रात याला प्रतिकार म्हणतात बरं का. मीही दोनदा सोडलं होतं. दोन्ही वेळा आईच निघाली मुळाशी." या शहरात दात काढायला गेलं तरी डॉक्टर आधी बालपण विचारतो, तिथे कोणाला काय सांगणार!

पहिला मंगळवार वाया गेला. नोएलियानं "ढोल" म्हटलं मात्र, ओफेलियानं विचारलं, "ढोल. म्हणजे कोणाला बडवायचंय?" पन्नास मिनिटं त्यातच गेली.

"नाही म्हणता येत नाही होय तुला?" ताती वैतागला. "मग आपल्या झांजवाल्याकडे जा, बाउतिस्ताकडे. तोही मनाचंच बघतो, पण झटपट. फळ्यावर लिहून देतो."

म्हणजे एकीला सोडता यावं म्हणून दुसरा धरायचा! नोएलिया चरफडत गेली. बाउतिस्ताकडे कोच नव्हता, फळा होता.

"लहानपणापासून सांगू?" तिनं सवयीनं विचारलं.

"लहानपण नको! पाय जमिनीला टेकवा. हात पोटावर. चारपर्यंत मोजत श्वास. मग एकच वाक्य. 'मी आजपासून येणार नाही.' कारण द्यायचं नाही. कारण दिलंत की मेलात. कोणाला सोडायचंय?"

"ओफेलिया ग्रिन्श्पान."

बाउतिस्ताच्या हातातला खडू पडला. तो उचलायला खाली वाकला, आणि जरा जास्तच वेळ खालीच राहिला. "आठवडाभर घरी सराव करा," तो टेबलाखालून म्हणाला.

नोएलियानं सराव केला. बेकरीत जाऊन म्हणाली, "मी आजपासून येणार नाही." बेकरीवाल्यानं घाबरून घरी ट्रेभर क्रोसाँ पाठवले. आईला म्हणाली, तर एल्विराबाईंनी रडत रडत कोर्दोबाच्या मावशीला फोन लावला. दुकानाच्या मालकाला म्हणाली, तर त्यानं तासाभरात दुसरी मुलगी बघितली. ती परत घालवायला दोन दिवस गेले. जिथून जिथून निघायचं नव्हतं, तिथून तिथून नोएलिया फटाफट निघत होती. फक्त ओफेलिया राहिली होती.

दुसरा मंगळवार. सहा वाजून पाच मिनिटं. नोएलिया कोचावर आडवी झालीच नाही. कडेला ताठ बसली, पाय टेकवले, हात पोटावर ठेवला. एक, दोन, तीन, चार.

मागूनही कोणीतरी श्वास घेत होतं. एक, दोन, तीन, चार.

अकरा वर्षांत पहिल्यांदा नोएलियानं मान मागे वळवली. खुर्चीत बासष्ट वर्षांची ओफेलिया, दोन्ही बूट जमिनीला घट्ट, हात पोटावर, डोळे मिटलेले, ओठ आकडे मोजताहेत.

"मी आजपासून येणार नाही!" नोएलिया ओरडली.

"तू आजपासून येऊ नकोस!" ओफेलियाही त्याच क्षणी ओरडली.

मग ओफेलियानं एक डोळा उघडला. "बाउतिस्ता?"

"बाउतिस्ता! पण तुम्ही कशाला त्याच्याकडे?"

"चार वर्षं झाली तुला बरं होऊन. मला निरोपच देता येईना. तू 'थांबवायचंय' म्हणालीस की तोंडातून आपोआप 'वडील' निघतं. सवय, दुसरं काय! आणि आता मला मंगळवार मोकळा हवाय. तरुणपणापासून मनात होतं, कार्निव्हलचा एक मोठा ढोल..."

नोएलिया उठून उभी राहिली. "थांबा. ती मंगळवारची चिवट भानगड म्हणजे मी?"

"हं," ओफेलिया म्हणाली.

दोघींनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं.

लिफ्ट ओफेलियानं पकडली, नोएलिया जिन्यानं सुटली. "ए ओफेलिया, लबाडी नको!" अकरा वर्षांचं 'तुम्ही' तिसऱ्या मजल्यावरच गळून पडलं. पथकाच्या सरावाच्या चौकात दोघी धापा टाकत एकदमच पोचल्या आणि दोघींनी एकदमच ढोलावर हात ठेवला.

"मी आधी!"

"मी आधी! आणि तुला 'मी आधी' म्हणायला शिकवलं कोणी? मीच!"

"बास!" ताती ओरडला. "ढोल एक, बायका दोन. जा, त्या बाकावर बसा आणि आपसात नीट बोलून घ्या. तोवर बाउतिस्ता वाजवेल."

बाउतिस्तानं झांज खाली ठेवली आणि दोघींकडे न बघता ढोल गळ्यात अडकवला.

दोघी बाकावर बसल्या. "सांग," ओफेलिया म्हणाली, "हा ढोल तुलाच का हवाय?" नोएलियानं उसासा टाकला आणि सांगायला लागली.

कार्निव्हल दोनदा येऊन गेला. ढोल अजून बाउतिस्ताच वाजवतो. दोघींचं बोलणं काही संपलेलं नाही. चालू आहे बाकावर, दर मंगळवारी, संध्याकाळी सहाला.