मधुमतीबाईंचा हिरवा पट्टा

माझ्या सासूबाई, मधुमतीबाई, डोंगरावर अडकल्या त्या दिवशी ब्रिटनमधली कोणतीही यंत्रणा बिघडलेली नव्हती, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करू इच्छितो. सगळं नियमानुसार चालू होतं. त्या अडकल्या तेसुद्धा नियमानुसारच.

सासू-सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे ब्रॅकनेलला आले होते. या काळात मी त्यांना किल्ले, राजवाडे, मेंढ्या वगैरे दाखवल्या, पण खरं म्हणजे मी त्यांना सिस्टिम दाखवत होतो. कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे बिन दाखवले. मोकळ्या रस्त्यावर लाल सिग्नलला एकटाच थांबलेला सायकलवाला दाखवला. जीपीची, म्हणजे डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळावी म्हणून सकाळी उठून फोनवर किती शिस्तीत ताटकळायचं असतं, तेही दाखवलं. सासरे, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्ट बघून ते "अस्सं" एवढंच म्हणायचे. त्यांच्या तोंडून एकदा तरी "वा" ऐकावं, ही माझी फार इच्छा होती. त्यासाठी मी मनातून अगदी झुरत होतो म्हणा ना. शेवटचा दिवस उजाडला. रात्री हीथ्रोहून विमान, आणि बाराच्या ठोक्याला व्हिसा संपणार. सामान गाडीत भरून मी जाहीर केलं की विमानतळावर जाण्याआधी ऐतिहासिक डोंगररेल्वे बघायचीच. वरून अख्खं शहर दिसतं.

त्या शहराचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथल्या कौन्सिलला भावना आहेत. रेल्वे मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. रहाटाला दोन पोहरे बांधावेत तसे एका दोराला दोन डबे. वरचा खाली आला की खालचा वर जातो. पूर्वी वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे. तो जड होऊन उतरायचा आणि उतरता उतरता दुसऱ्याला वर ओढून घ्यायचा. रुळांच्या कडेने एक पायवाटही आहे, पण तिच्या तोंडाशी गुडघ्याएवढ्या उंचीवर साखळी लावून ती बंद केली आहे. माणसं पायी जायला लागली तर रेल्वेचे प्रवासी घटतात, प्रवासी घटले की वारशाचं अनुदान घटतं. त्यामुळे पायवाट धोकादायक आहे.

मागे एका उन्हाळ्यात पाणीटंचाई झाली आणि कौन्सिलने टाकीतलं पाणी बंद करून मानवी समतोल योजना आणली. पाण्याऐवजी प्रवाशांचंच वजन वापरायचं. वर बसलेले खाली बसलेल्यांपेक्षा जड असले की काम झालं. पण प्रवाशांना काट्यावर उभं करणं अपमानास्पद आहे, अशी तक्रार आली. मग कर्मचाऱ्याने नजरेने अंदाज घ्यावा असं ठरलं. ते त्याहून अपमानास्पद निघालं. शेवटी सर्वानुमते असा तोडगा निघाला, की आपलं वजन स्वतःला जसं वाटतं तसं प्रवाशानेच जाहीर करावं. हलकं वाटत असेल तर मनगटाला हिरवा पट्टा, मध्यम वाटत असेल तर पिवळा, भरीव वाटत असेल तर जांभळा. ब्रेक सोडायचा की नाही, ते पट्टे बघून ठरतं.

पट्टे बांधायला देव नावाचा तरुण समतोल अधिकारी होता. त्याचे आजोबा फार पूर्वी महाराष्ट्रातून लंडनच्या इल्फर्डला येऊन स्थायिक झालेले. आमचं मराठी ऐकून तो लगबगीने पुढे आला. नानांनी कसलाही विचार न करता जांभळा पट्टा मागितला. माझ्या बायकोने, आसावरीने, हिरवा घेतला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मी रुळांकडे बघत होतो. मग मीही हिरवाच घेतला. सासूबाईंची त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. सकाळी त्यांनी साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस एवढंच घेतलं होतं.

"उपास आहे रे बाबा आज," त्या देवला म्हणाल्या. "माझं हलकंच धर."

वर त्या वेळी एकच प्रवासी होते, जांभळा पट्टा लावलेले एक प्रामाणिक गृहस्थ. नियमाप्रमाणे त्यांच्या बदल्यात खालून एक हिरवा पट्टा वर जाऊ शकत होता. "आई, तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच मागून," असं मी म्हणालो. त्या गेल्या. डब्यातून त्यांनी हात हलवला, तेव्हा मनगटावरचा पट्टा पानासारखा हिरवागार दिसत होता. प्रामाणिक गृहस्थ खाली उतरले, "थँक्यू" म्हणाले आणि घरी निघून गेले. रेल्वे तिथेच थांबली.

वर आता फक्त आई होत्या, त्याही अधिकृतरीत्या हलक्या. त्यांना खाली आणायचं तर खालच्या डब्यात त्यांच्याहून हलकं माणूस बसायला हवं, आणि हिरव्याच्या खाली पट्टाच नाही. हिरव्यासमोर हिरवा बसवला तर समतोल साधतो. समतोल साधणं हेच योजनेचं उद्दिष्ट असल्यामुळे तो मोडायला मनाई आहे. खालचा डबा रिकामा सोडावा असं मी नम्रपणे सुचवलं. रिकामा डबा चालवणं म्हणजे ऊर्जेचा अपव्यय, असं देवने तितक्याच नम्रपणे सांगितलं. आमच्या मागची रांग डोंगराला वळसा घालून गेली होती. सगळ्यांच्या मनगटांवर हिरवा पट्टा होता. त्यातले काही जण तर डब्याच्या दारातून आडवेच आत शिरले असते.

आसावरीने आईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आई, तू पट्टा बदलून जांभळा घे. म्हणजे लगेच खाली येशील."

"म्हणजे मी भरीव?" वरून आवाज आला. "एवढ्या लोकांसमोर? उपासाच्या दिवशी?"

"अगं, तुझा पासपोर्ट तुझ्या पर्समध्ये आहे."

"असू दे. इथून चर्च फार छान दिसतंय. आणि संजयरावांना म्हणावं, वरून तुमचं टक्कल दिसतं."

अर्ध्या तासाने वारा सुटला आणि आईंचा स्वाभिमान गारठला. त्या जांभळ्याला तयार झाल्या. पण आता देवचा नाइलाज झाला. एकदा जाहीर केलेलं वजन बदलणं म्हणजे स्वतःविषयीची प्रतिमा बदलणं. त्यासाठी समुपदेशकाशी बोलावं लागतं.

"नेक्स्ट स्लॉट थर्सडेला आहे," देव म्हणाला. "आजी वर सेफ आहे, डोन्ट वरी. आपला सर्व्हिस पण लेट नाही. गाडी सुटलाच नाही, so technically ऑन टाइम."

आज रात्री व्हिसा संपतो, हे मी त्याला सांगितलं. आवाज शांत ठेवला. एका खात्याने आईंना वर धरून ठेवलं होतं आणि दुसरं खातं त्यांना बेकायदा ठरवणार होतं. देव मनापासून हळहळला. तो म्हणाला, "वर वायफाय मस्त आहे. एक्स्टेन्शन तिकडूनच अप्लाय करता येते."

तेव्हा नाना बोलले.

"वा," ते म्हणाले. "आमच्या अख्ख्या खात्यात एवढं डोकं कुणाला नव्हतं."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सहा महिने ज्याची वाट बघितली तो शब्द मिळाला होता. मी तो नीट अनुभवत होतो, तेवढ्यात नानांनी धोतर सावरावं तशी पँट जरा वर ओढली आणि साखळीपलीकडे पाय टाकला. मी त्यांचं कोपर धरलं.

"नाना, इथे असं करत नाहीत."

"मग इथे कसं करतात?"

"रांगेत उभे राहतात."

"अस्सं," म्हणाले आणि चालायला लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांगेतल्या सगळ्यांनी सभ्यपणे माना खाली घातल्या आणि हवेविषयी बोलायला सुरुवात केली. बघितलं तर रिपोर्ट करावा लागेल, म्हणून देवने डोळे मिटून घेतले. थोड्याच वेळात नाना आणि आई हसत, गप्पा मारत पायवाटेने उतरले. पुण्यात आई रोज सकाळी पर्वती चढतात, त्यांना ही वाट म्हणजे घरातून अंगणात येण्याएवढी. साडी किंचित उचलून त्यांनी साखळी ओलांडली आणि पट्टा सोडून देवच्या हातात दिला.

"चला, निघू या," आई म्हणाल्या. "का उभे आहात अजून?"

मी म्हणालो, मला कसं येता येईल? पुढचा नंबर माझा आहे. आसावरीने माझ्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आई मागच्या काचेतून हात हलवत होत्या. मला अगदी भरून आलं, पण रांग सोडली नाही. ते विमानात बसल्याचा मेसेज मला रांगेतच मिळाला.

आता वर कोणीच नाही. वर वजन नाही म्हणून डबा खाली येत नाही, आणि डबा येत नाही म्हणून वर वजन जात नाही. कौन्सिलच्या अहवालात योजना यशस्वी ठरली आहे. आजवर एकही अपघात नाही, एकही गाडी लेट नाही. थंडी पडायला लागली आहे, पण देव मधूनमधून चहा आणून देतो. चहासाठी वेगळी रांग आहे.

तुम्हाला माझं हसू येत असेल. येऊ दे. साखळी गुडघ्याएवढीच आहे हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी आईंना खाली आणायला कुठला पट्टा चालेल, याचाच विचार तुम्हीही इथपर्यंत करत आलात. तेव्हा जरा मागे सरकून उभे राहा. तुमचा नंबर माझ्यानंतर आहे.