भट्टीचं दार बंद असल्याची खात्री

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती दार उघडून आत डोकावल्यामुळे झाली आहे. ज्यांनी डोकावलं नाही, त्यांची नावं इतिहासात नाहीत. (ज्यांनी चुकीच्या वेळी डोकावलं त्यांचीही नाहीत, पण त्यांची गणती कुणी ठेवलेली नाही.) पदार्थविज्ञानाची पदवीधर म्हणून माझा या तत्त्वावर आधीपासूनच विश्वास होता. ज्योतीवर काच घडवणाऱ्या कलावंतांचा जो आठवडाभराचा मेळावा नुकताच पार पडला, त्यानंतर तो इतका दृढ झाला आहे की हल्ली घरातलं कपाट उघडतानाही मी आधी दोनदा विचार करते.

मेळावा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये भरला होता. लांब टेबलांवर पत्रे ठोकलेले, प्रत्येकासमोर एक बर्नर आणि त्याला दोन नळ्या, एक गॅसची आणि एक ऑक्सिजनची. सगळ्यांच्या डोळ्यांवर गुलाबीसर चष्मे. हे चष्मे ज्योतीतला पिवळा झगमगाट गाळून टाकतात, त्यामुळे काच स्पष्ट दिसते. (स्वतःची चूकही त्यातून गाळली जाते, असं माझी ताई म्हणायची.) काचेची कांडी ज्योतीत धरली की ती मधासारखी ओघळू लागते, आणि मग तिला सतत फिरवत राहावं लागतं. हात थांबला की पुढचा आकार गुरुत्वाकर्षण ठरवतं. मेळाव्यात तयार झालेल्या वस्तूंपैकी बऱ्याचशांचं श्रेय त्यामुळे गुरुत्वाकर्षणाला द्यायला हवं.

ताई तिथे हौसेने गेली नव्हती, अटीवर गेली होती. तिच्या घरच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात तिचा बर्नर आहे. त्या कोपऱ्यावर तिच्या सासूबाईंचा बरेच दिवस डोळा होता.

"रोज बघते मी," सासूबाई निघायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "फूं फूं करत बसतेस आणि शेवटी सगळं केराच्या डब्यात. एक वस्तू आण मला. एकच. धड. नाहीतर त्या कोपऱ्यात माझं कपडे धुवायचं मशीन लागेल."

"काय आणू?" ताईने विचारलं.

"तेलाची बुधली आण. ओतल्यावर बाहेरून थेंब ओघळता कामा नये. एवढं वय झालं माझं, अशी बुधली काही पाहिली नाही मी."

मशीन आधीच आलेलं होतं. ते बाहेरच्या खोलीत खोक्यासकट उभं होतं आणि सासूबाईंनी त्यावर स्वच्छ टेबलक्लॉथ घातला होता.

मी ताईबरोबर सिलिंडर उचलायला म्हणून गेले, आणि पहिल्याच दिवशी माझी भट्टीप्रमुख म्हणून नेमणूक झाली. माझ्या पदवीचं काय करायचं हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं पडलेला होता. मेळाव्याच्या मास्तरांनी तो एका वाक्यात सोडवला. "तुला तापमान कळतं ना? मग बस भट्टीपाशी."

भट्टीचं शास्त्र सोपं आहे. ज्योतीतून काढलेली काच उघड्यावर ठेवली तर तिची कातडी आधी गार होते आणि आकसते, आतला गाभा मात्र अजून गरमच असतो. मग दोघांत ताण धरतो. काच वरून हसरी दिसते आणि मनात धरून ठेवते. म्हणून तिला गरम भट्टीत ठेवून, दार लावून, हळूहळू निववावं लागतं. मेळाव्यात सकाळी सगळे काम करत, होईल ती वस्तू भट्टीत ठेवत. जेवणाच्या सुट्टीला भट्टी बंद होई, ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडायची. मधल्या वेळात कुणी काही करायचं नव्हतं. संपूर्ण प्रक्रियेतला हा एकच भाग असा होता, ज्याला कसलंही कौशल्य लागत नव्हतं. तोच कुणाला जमला नाही.

पहिल्या दुपारी दातांचे डॉक्टर आले. त्यांनी काचेचा आठ पायांचा समुद्री प्राणी केला होता.

"फक्त एकदा डोकावतो," ते म्हणाले.

"डॉक्टर, गार हवा आत गेली तर तडा जातो."

"तडा गेलाय का, तेच तर बघायचंय."

दुसऱ्या दिवशी प्राणी पाच पायांचा निघाला. डॉक्टरांचा चेहरा पडला. तेव्हा मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं, "डॉक्टर, फुटलं म्हणजे शिकलं." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चहापर्यंत या सांत्वनाचा सिद्धांत झाला होता आणि जेवणापर्यंत परंपरा. पुढे कुठूनही 'टक्' असा आवाज आला की सगळी शेड टाळ्या वाजवी आणि ज्याचं फुटलं तो उभा राहून नम्रपणे मान झुकवी. तिसऱ्या दिवशी लोक एकमेकांना "काल तुमचं काय फुटलं?" असं विचारू लागले, आणि "काही नाही" म्हणणाऱ्याकडे जरा संशयानेच पाहू लागले.

दरम्यान दुपारचं डोकावणं वाढत गेलं. दाराशी सापडलेल्यांनी दिलेल्या कारणांचं मी वर्गीकरण केलं. (मोजल्याशिवाय चैन न पडणं हा शिक्षणाचा दुष्परिणाम आहे.) निम्म्याहून थोडे अधिक लोक म्हणाले, "मी उघडलं नाही, लावत होतो." एक तृतीयांश लोक स्वतःची नव्हे, तर शेजाऱ्याची वस्तू काळजीपोटी बघत होते. उरलेल्यांपैकी एकाला शिंक आली होती आणि तोल जाऊ नये म्हणून त्याने दाराची मूठ धरली होती. बाहेरच्या तबकडीवर आतलं तापमान दिसतं, हे मी प्रत्येकाला दाखवलं. त्यावर मणी करणाऱ्या काकू म्हणाल्या, "आकड्याचं काय घेऊन बसलीस बाई, आकडा काय कुणीही दाखवेल."

चौथ्या दिवशी भट्टीतलं बहुतेक सगळं फुटलेलं निघालं. टाळ्या वाजवून वाजवून हात दुखू लागले, तेव्हा मात्र गांभीर्याने विचार करायला हवा असं सर्वांचं मत पडलं आणि दार-सुरक्षा समिती स्थापन झाली. डॉक्टर अध्यक्ष झाले, कारण डोकावण्याचा सर्वाधिक अनुभव त्यांनाच होता. काकू सदस्य. मी पदसिद्ध निमंत्रित, म्हणजे मला बोलता येई, पण ऐकण्याची सक्ती कुणावर नव्हती.

समितीचं काम एकच होतं: भट्टीचं दार पूर्णपणे बंद आहे याची दर अर्ध्या तासाने खात्री करणं. पहिल्याच पाहणीत काकूंनी मूलभूत शंका काढली.

"बाहेरून काय, सगळीच दारं बंद दिसतात. आमच्या शेजारणीचं रोज बंद दिसायचं, चोर आत बसलेला होता."

शंका रास्त होती. बराच खल झाल्यावर समिती अशा निष्कर्षाला आली की जे दार आपण आत्ता स्वतःच्या हाताने लावलं, तेच बंद आहे असं छातीठोकपणे सांगता येतं. आणि दार लावण्यासाठी ते आधी उघडं असणं आवश्यक आहे. म्हणून दर अर्ध्या तासाने समिती भट्टीचं दार उघडी, आत सारं ठीक आहे ना ते पाही, आणि दार लावून ते बंद असल्याचं जाहीर करी. मी या तर्कात चूक शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. ती सापडली नाही. प्रत्येक पाहणीनंतर तबकडीची सुई घसरे, आणि 'काच समाधानकारक वेगाने निवत आहे' असा शेरा समिती देई.

ताईच्या चार बुधल्या एव्हाना गेल्या होत्या. तिला वर्षभर पुरतील एवढ्या टाळ्या मिळाल्या होत्या आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी तिने पाचवी घेतली. पोकळ नळीचं एक टोक ज्योतीत मिटवलं, फिरवत फिरवत दुसऱ्या टोकातून फुंकर घातली, पोट फुगवलं, मान ओढली. मग चिमट्याने तोटी काढली. गोल कडेवरून थेंब वळून खाली उतरतो, धारदार कडेवर तुटतो, हे तिला तिसऱ्या बुधलीच्या वेळी कळलं होतं. कड पातळ करून किंचित खाली झुकवायची, आणि नेमक्या त्या क्षणी ज्योतीबाहेर यायचं. ती आली. बुधली भट्टीत ठेवली, जेवणाच्या सुट्टीला दार लागलं. ताईने तिचं स्टूल उचलून भट्टीसमोर आणलं आणि दाराला पाठ लावता येईल तितकी लावून बसली.

"शास्त्रज्ञ," ती मला म्हणाली, "मला उठू देऊ नकोस."

अर्ध्या तासाने समिती आली.

"ताई, जरा सरका. पाहणी आहे," डॉक्टर म्हणाले.

"आज नको."

"अहो, तुमच्याच बुधलीसाठी चाललंय हे."

"माझ्या बुधलीसाठी काही करायचं असेल तर चहाला जा."

काकू समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "अगं, दोन सेकंद. आपलं माणूस दवाखान्यात असलं तर आपण डोकावतोच ना?"

"डोकावतो. पांघरूण काढून घेत नाही."

प्रकरण मास्तरांकडे गेलं. मास्तरांनी डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या. "दोघांचंही बरोबर आहे," ते म्हणाले. "अर्धंच उघडा." (मास्तरांचे बहुतेक निर्णय असे अर्धे असत. त्यामुळेच त्यांच्याबद्दल कुणाची पूर्ण तक्रार नसे.) अर्ध्या दारातूनही हवा आख्खीच जाते, असं मी म्हटलं. समितीने माझे आभार मानले, ताईला स्टुलासकट बाजूला केलं, आणि दार अर्धं उघडलं. सुई अशी घसरली की माझ्या पदवीला घाम फुटला. डॉक्टरांनी आत पाहिलं, काकूंनी पाहिलं, मग ज्यांना समितीवर घेतलं नव्हतं त्यांनीही समिती नीट काम करते आहे ना हे पाहिलं. दार बंद असल्याचं जाहीर झालं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला, कारण दाराकडे जाऊ नयेत म्हणून ताईने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"झाली का गं?"

"निवतेय, आई."

"मग बघून सांग की, धड आहे का."

"बघितलं तर धड राहणार नाही."

"हे बरंय. म्हणजे बघायचंही नाही आणि मानायचं मात्र!" सासूबाई म्हणाल्या, आणि समितीच्या अध्यक्षांनी जोरात मान डोलावली.

सातव्या दिवशी सकाळी भट्टी रीतसर उघडली. डॉक्टरांच्या नव्या प्राण्याचे तीन पाय, काकूंचे अर्धे मणी, कुणाचं फूल, कुणाचा पक्षी. टाळ्यांवर टाळ्या. आणि कोपऱ्यात बुधली. आख्खी. तोटीची कड जशीच्या तशी. टाळ्या थांबल्या. आख्ख्या वस्तूचं काय करायचं असतं, हे सहा दिवसांत सगळे विसरून गेले होते. शेवटी डॉक्टरांनीच सौजन्याने विचारलं, "पण मग या आठवड्यात तुम्ही शिकलात काय?"

ताई बुधलीच्या तोटीची कड बोटाने चाचपत होती.

निघण्यापूर्वी मी ती दोन काळ्या ध्रुवक काचांमध्ये धरून पाहिली. ताण नसेल तर अशा काचांतून सगळं एकसारखं काळं दिसतं, असेल तिथे रंग उमटतात. बुधलीच्या मानेपाशी रंगीत पट्टा होता, फारच सुंदर. अर्ध्या दाराएवढा.

"सांग," ताई म्हणाली.

"टिकेल. किंवा नाही टिकणार. वर्षानुवर्षं राहील, नाहीतर कुणी नुसती टिचकी मारली तर जाईल."

"काढता येतो हा ताण?"

येतो. पुन्हा भट्टीत घालून सावकाश निववायचं. पण ती भट्टी मास्तरांबरोबर टेम्पोत चढली होती. आता ती पुढच्या मेळाव्यात मिळेल, याच समितीच्या देखरेखीखाली.

घरी सासूबाईंनी बुधली उजेडात धरली, तेल भरलं, ओतलं, थांबल्या. तोटीखाली बोट फिरवलं. बोट कोरडं. पुन्हा ओतलं. पुन्हा कोरडं. मग म्हणाल्या, "बरं. ही धड आहे तोवर कोपरा तुझा." मशीन खोक्यातच राहिलं, मात्र टेबलक्लॉथ कुणी काढला नाही.

तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी बुधली धड आहे ना, याची खात्री करतात. त्यांची पद्धत जुनी आणि खात्रीशीर आहे: कानाजवळ धरून मानेवर नखाने टिचकी मारतात. टण्ण असा आवाज येतो. ताई त्या वेळी स्वयंपाकघराकडे पाठ करून उभी असते, हात पदराखाली घट्ट. सासूबाईंना सांगावं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं तर टिचकी बंद करतील, आणि ताण गेला का ते रोज आपटून बघतील."

हा मजकूर मी ज्यांना ज्यांना वाचायला दिला, त्या सर्वांनी, अगदी न चुकता, एकच प्रश्न विचारला. तुमच्याही ओठांवर तोच आहे: शेवटी फुटली का ती? तुम्ही इथवर आलात ते तो 'टक्' ऐकायला. फक्त एकदा डोकावायचं होतं तुम्हाला, काळजीपोटी, हे मला माहीत आहे. तुमची हरकत नसेल तर आता डोकं बाहेर काढा आणि दार लावून घ्या. आत गार वारा जातोय.