पाण्याखाली जाण्यास हरकत नाही

"चुका लोकांच्या सहलीत होतात. आपल्या सहलीत होणार नाहीत!"

रविवारी सकाळी असं जाहीर करून तिने चार कागद चिकटवून केलेला तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला. नवऱ्याने आपला चहा उचलून घेतला. सासूबाईंनी आपली बिस्किटं उचलून घेतली. तक्त्यावर डाग पडला तर काय होतं, हे दोघांनाही अनुभवाने माहीत होतं.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर! कारण पाठीमागे म्हटलं तर किती वेळा म्हटलं याची नोंद राहत नाही, असं तिनेच सांगितलं होतं. सहा वर्षं ती बाटलीतलं पाणी बघत होती. हजारो बाटल्या! पण ज्यात मासे आहेत, प्रवाळ आहे, ज्याला तळ आहे, असं पाणी तिने आतून कधी पाहिलं नव्हतं. म्हणून आठ महिने ती तरणतलावावर सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकली. तीन वर्षांनी तिला नऊ दिवसांची सलग रजा मिळाली होती. आता ती समुद्राखाली जाणार होती. बस्स!

"आधी तीन दिवस स्कूबा," ती पट्टीने तक्त्यावर टिचक्या मारत म्हणाली. "मग चार दिवस वर्षावन. का? कारण बुडी मारल्यावर निदान एक दिवस विमानात बसायचं नसतं. म्हणून जंगल शेवटी. कळलं?"

"म्हणजे माझी माकडं शेवटी," नवरा म्हणाला.

"माकडं कुठेही पळून जात नाहीत."

"माकडं पळूनच तर जातात!"

नवऱ्याचा जीव जंगलात होता. तो सोफ्यांच्या शोरूममध्ये विक्रीला होता आणि "हा सोफा तुमच्या नातवंडांची लग्नं बघेल" हे वाक्य दिवसातून वीस वेळा, पापणी न लववता म्हणायचा. अशा माणसाच्या हातात कुठलाही फॉर्म देऊ नये, हे तिला कळायला हवं होतं. पण कामाची वाटणी झाली. समुद्राचे फॉर्म ती भरणार, जंगलाचा तो.

त्याने तीन मिनिटांत फॉर्म भरून पाठवला, एक झोप काढली आणि आंघोळीला गेला. तिला तीन तास लागले.

स्कूबा केंद्राच्या फॉर्मवर प्रकृतीविषयी प्रश्न होते. तुम्हाला कधी कानाचा त्रास झाला आहे का? होय. वय वर्षं पाच, डावा कान, शेंगदाणा. कधी चक्कर आली आहे का? होय. शाळेची सहल, बसची शेवटची रांग. कधी धाप लागते का? होय, धावल्यावर. नवऱ्याच्या फॉर्मवर तर तिने पुरवणीच जोडली. तो घोरतो, असं कुणी विचारलेलं नसताना लिहिलं. शास्त्रीय माहिती अर्धवट देऊ नये!

आंघोळीहून आलेल्या नवऱ्याने ते वाचलं आणि त्याच्या हातातून टॉवेल गळाला.

"अगं, सगळीकडे 'नाही' लिहायचं असतं!"

"म्हणजे खोटं?"

"खोटं कसलं? फॉर्म आहे तो!"

"'कधी' म्हणजे कधीही. माझ्या कानात शेंगदाणा गेला होता की नव्हता?"

"मला काय माहीत? मी होतो का तिथे?"

"मग मध्ये बोलू नकोस!"

तिने पाठवण्याचं बटण दाबलं.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. फॉर्मवर एकही 'होय' असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल. आपल्या फॉर्मवर दोघांचे मिळून अकरा 'होय' आहेत. प्रमाणपत्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत न आल्यास जागा प्रतीक्षायादीतल्या लोकांना देण्यात येईल.

"अकरा!" नवरा म्हणाला. "लग्नात सुद्धा एकदाच म्हणाली होतीस."

झालं! ती भडकली ती तिथपासून.

संध्याकाळी दोघं डॉक्टरांकडे गेली. म्हातारे डॉक्टर, भिंतीवर दातांचं जुनं चित्र, कोपऱ्यात काटा अडकणारं वजनयंत्र. बाहेरच्या बाकावर नवऱ्याने दहा मिनिटांत सहा पेशंटांना सांगून टाकलं की आम्ही समुद्राच्या तळाशी चाललोय, शार्कबिर्क असतातच, आम्हाला सवय आहे.

"सवय? कुणाला सवय आहे?" ती दात-ओठ खात पुटपुटली.

"अगं, लोकांना बरं वाटतं ऐकून."

आत गेल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याला दोन मिनिटांत मोकळं केलं. छाती ठीक, कान ठीक, रक्तदाब एकशे वीस-ऐंशी, सही! त्या माणसाच्या डोक्याला कसलाच ताप नसल्याचा तो वैद्यकीय पुरावाच होता. मग तिची पाळी आली.

"शेंगदाणा निघाला होता ना?" डॉक्टरांनी तिच्या कानात बॅटरी मारत विचारलं.

"हो."

"अख्खा?"

ती थांबली. "अर्ध्याची खात्री आहे."

डॉक्टरांनी पाच मिनिटं शोधलं. शेंगदाणा नव्हता. पण दंडाला पट्टा बांधून फुगवला तेव्हा आकडा निघाला एकशे बावन्न.

"राग आलाय का कुणाचा?"

"मला? मुळीच नाही!" ती अशी काही ओरडली, की वजनयंत्राचा अडकलेला काटा सुटला.

"या रक्तदाबावर मी सही करणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पाण्याखाली काही झालं तर मी वर राहून काय करू? राग उतरवून या. परवा बघू."

राग उतरवून या! जसा काही तो जिन्यावरून उतरतो!

पुढचे दोन दिवस नवऱ्याने तिला खूश ठेवायचा विडा उचलला. टॉवेल दोरीवर गेला. चपला सरळ रेषेत आल्या. तो तोंडातून शब्द काढेना. तिच्या कुठल्याही वाक्याला तो नुसता मान डोलवायचा आणि हसायचा. त्यामुळे ती जास्तच चिडली. विक्रीचा माणूस गप्प बसतो तेव्हा मालात खोट असते!

आणि ती खोट बुधवारी संध्याकाळी, बरोबर दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या, तिच्या फोनवर आली. जंगल सहलीवाल्यांचं पत्र होतं.

'आपल्यासारखे पाहुणे क्वचित मिळतात. आपल्या अनुभवाकडे पाहून आपल्याला गट क्रमांक एकमध्ये घेतलं आहे. रोज आठ तास चाल. मुक्काम झाडांना बांधलेल्या झोळीत. प्रत्येकाने अठरा किलो सामान स्वतः वाहावं. जळवांसाठी लांब मोजे आणावेत. आपल्याला साप आवडतात हे वाचून सापांची एक खास फेरी जोडली आहे.'

तिने ते दोनदा वाचलं.

"काय लिहिलं होतंस तू?"

"काही विशेष नाही. रोज किती चालता, असं होतं. मी लिहिलं, पंधरा किलोमीटर."

"कुठे चालतोस तू पंधरा किलोमीटर?"

"शोरूम मोठं आहे!"

"आणि साप? घरात झुरळ निघालं की तू सोफ्यावर चढतोस!"

"चप्पल काढून चढतो," तो दुखावल्या आवाजात म्हणाला.

"पुढचे!" आतून डॉक्टरांनी हाक मारली.

एकशे चौसष्ट.

डॉक्टरांनी पट्टा सोडला, चष्मा काढला. "बाई, तुमची प्रकृती उत्तम आहे. कान, छाती, सगळं. पण मी जेव्हा मोजतो तेव्हा तुम्ही पेटलेल्या असता. शुक्रवारी पाच वाजता शेवटचं बघतो. नाही जमलं तर समुद्र वरूनच बघा. वरूनही छान दिसतो."

वरून! सहा वर्षं ती वरूनच बघत आली होती. बाटलीच्या तोंडातून! नवऱ्याला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

घरी येताच तिने दोन कामं केली. पहिलं, जंगलवाल्यांना खरं पत्र लिहिलं. 'मी चार किलोमीटर सहज चालते, पाचव्याला चिडते. माझा नवरा दोन जिने चढून थांबतो आणि खिडकीतून दृश्य बघत असल्याचं भासवतो. साप आम्हाला दुरून आवडतात. दूर म्हणजे वीस मीटर.'

दुसरं, सासूबाईंच्या कपाटातून त्यांचं रक्तदाबाचं मशीन काढलं. दोन वेळा मोजून माणसाला आजारी ठरवतात? दोन नोंदींवर तिच्या प्रयोगशाळेत गटाराला सुद्धा घाण म्हणत नाहीत! तिने आलेखाचा कागद घेतला. आडवी वेळ, उभा आकडा, बाजूला 'कारण' असा रकाना. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार दुपार, एकूण चौदा नोंदी. डॉक्टरांना दिसू दे, हा रक्तदाब कुणामुळे वाढतो ते! काळ्यावर पांढरं नाही, पांढऱ्यावर काळं!

"माझ्या पट्ट्याची पकड जाईल गं," सासूबाई म्हणाल्या. "मी महिन्यातून दोनदा मोजते. तू तासाला मोजतेस."

"आई, हे पुरावे आहेत."

"कशाचे?"

"तुमच्या मुलाचे."

"मग मोज," सासूबाई म्हणाल्या आणि पेपर वाचू लागल्या.

शुक्रवारी पाचला तिने डॉक्टरांच्या टेबलावर आलेख पसरला. ती विजयी मुद्रेने बसली. नवरा आरोपीसारखा, खुर्चीच्या काठावर. डॉक्टर एकेका शिखरावरून बोट फिरवत गेले.

"बुधवार संध्याकाळ, एकशे साठ. कारण, नवरा. बरं. गुरुवार सकाळ साडेनऊ, एकशे सत्तेचाळीस. कारण, रिक्षावाला. गुरुवार दुपार दोन, एकशे अठ्ठावन्न. कारण... 'पट्टीवरची शून्याची खूण पुसट'?"

"खरंच पुसट होती," ती म्हणाली.

"त्या वेळी हे कुठे होते?"

"शोरूममध्ये."

"गुरुवार चार, एकशे पन्नास. 'सहकाऱ्याने बाटलीवर लेबल तिरकं लावलं.' शुक्रवार सकाळ अकरा. 'पेनातली शाई कमी-जास्त येते.' शुक्रवार साडेबारा. 'सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत.'" डॉक्टरांनी मान वर केली. "सहा शिखरं आहेत. त्यातलं नवऱ्याच्या वाट्याला एक."

नवरा खुर्चीत मागे टेकून बसला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

तिने आलेख आपल्याकडे वळवला. पुन्हा मोजलं. एक. आकडे तिचे, मशीन बिनचूक, नोंदी तिच्याच अक्षरात. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सहा वर्षांत तिने कुणाचा अहवाल एवढा स्पष्ट पाहिला नव्हता.

"आणि हे खड्डे?" डॉक्टर म्हणाले. "गुरुवार सकाळ सात, एकशे चौदा. शुक्रवार सकाळ सात, एकशे बारा. इथे कारण लिहिलेलं नाही."

"राग नव्हता म्हणून नाही लिहिलं," ती हळूच म्हणाली. "तलावावरून आले होते. पोहून."

"पाण्यात चिडत नाही तुम्ही?"

तिने विचार केला. पोरं पाणी उडवतात, शिट्टीवाले सर ओरडतात, चष्म्यात पाणी जातं. "नाही," ती म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "तिथे लक्षातच राहत नाही."

डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. नवऱ्याने श्वास धरला. समुद्राखाली काय करायचं नसतं ते सगळं त्याने तिथेच केलं. ती डोळे मिटून तलावाच्या तळाची निळी फरशी आठवत होती.

एकशे अठ्ठावीस.

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि प्रमाणपत्रावर लिहिलं, 'पाण्याखाली जाण्यास हरकत नाही.' मग थोडं थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, 'जमिनीवर जपावे.'

"ही दुसरी ओळ शास्त्रीय नाही!" ती जिन्यात म्हणाली आणि परत वर निघाली.

नवऱ्याने तिचा हात धरला. "आलेखावर आहे ती. तुझ्याच."

ती थांबली. खाली उतरली. सहाला दहा मिनिटं कमी असताना प्रमाणपत्र केंद्राला पोहोचलं, आणि सहाला त्यांचं उत्तर आलं, 'जागा पक्की.' ती रस्त्यातच, सगळ्यांसमोर, जागच्या जागी एक उडी मारती झाली. उंची मोजली नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने जंगलवाल्यांचं नवं पत्र मोठ्याने वाचलं. "'आपलं पत्र आम्ही सर्वांनी वाचलं. दोनदा. आपल्याला गट क्रमांक सहामध्ये घेतलं आहे. प्राणी उंच मचाणावर खुर्चीत बसून पाहायचे, चहा जागेवर मिळेल. गटातल्या इतरांचं सरासरी वय एकाहत्तर. एक जागा शिल्लक आहे, घरात कुणी वडीलधारं असल्यास जरूर आणावं.'"

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

"खुर्ची आहे म्हणतोस?"

"हो, पण आई..."

"चहा जागेवर?"

"हो..."

"मग मी येते. तुम्ही दोघं पाण्यात जा, मी काठावर बसेन. तिथून जंगलात सोबत जाऊ. आणि हिचं ते रोज मोजायला कुणीतरी लागेलच. मशीनही माझंच आहे." त्या उठल्या आणि बॅग काढायला गेल्या.

तिने टेबलावरचा तक्ता पाहिला. चार चिकटवलेले कागद, दोन माणसं, नऊ दिवस, एकही चूक नाही. मग मुकाट्याने मशीन ओढलं, पट्टा बांधला आणि बटण दाबलं.

एकशे एकोणसत्तर. सर्वोच्च नोंद!

तिने आलेखावर ठिपका काढला आणि पेन 'कारण' या रकान्यावर आणलं. तेवढ्यात सासूबाई वाचायचा चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. "किती आला गं? आणि इथे काय लिहितेस?"

आयुष्यात पहिल्यांदाच, कारण माहीत असूनही, तिने रकाना रिकामा सोडला.