तेलाचा काटा

बन्सीचा ट्रक टकटकायला लागला त्या दिवशी त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, जे सांगितलं, ते तिनं पुढे कधी बदललं नाही. "इंजिन खोलायची येळ आली की गाडी कमरोद्दीनभाईच्या भंगारात. लई झालं आता."

कमरोद्दीनचं भंगाराचं दुकान पडेगावात त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. तो सभ्य माणूस होता. ट्रकाची चौकशी करताना आधी बन्सीच्या तब्येतीची करायचा.

बन्सीला ट्रक सोडायचा नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं वाळूजच्या कारखान्यांमधून माल रचायचे रिकामे लाकडी पॅलेट वाहण्यात घालवली होती आणि ती सगळी याच सीटवर. दुसऱ्या कुठल्या गाडीचा क्लच आपल्या पायाला मानवेल असं त्याला वाटत नव्हतं.

दुखणं दुहेरी होतं. इंजिनातून टक-टक आवाज यायचा, आणि रस्त्यात अधूनमधून तेलाच्या दाबाचा काटा एकदम खाली बसायचा. दाब नाही म्हणजे इंजिनाच्या पोटात तेल पोचत नाही. तेल पोचलं नाही की इंजिन जाम होतं, आणि मग कमरोद्दीनच.

पहिलं निदान आप्पासाहेबांनी केलं. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या यंत्रांचे फोरमन होते. डोळे मिटून त्यांनी आवाज ऐकला.

"तेल पातळ पडतंय. जाड तेल घाल."

"आन् आवाज?"

"तेल जाड झालं की आवाजबी जाड होईल. टोचणार नाय."

बन्सीनं जाड तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक चालू व्हायलाच तयार होईना. कण्हत कण्हत एकदाचा सुरू झाला, आणि छावणी ओलांडल्यावर काटा नेहमीसारखा खाली बसला.

नगर नाक्याजवळ सरफराजचं गॅरेज होतं. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मुठीला कान लावून तो इंजिनभर फिरवला.

"आवाज वरचा आहे बन्सीभाई. वॉल्व्हच्या टॅपेट ढिल्या झाल्यात, कसून देतो. खालचा आवाज असता, म्हणजे इंजिनच खोलायचं असतं, तर पहिले तुम्हाला चाय पाजली असती."

"मंग काटा कामून पडतो?"

सरफराजनं स्वतःचं दाब मोजायचं मीटर थेट इंजिनाला जोडलं. दाब उत्तम होता. केबिनमधला काटाही उत्तम होता. दोन काटे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते आणि बन्सी मात्र कुणाशीच जुळत नव्हता.

"गाडी बिमार नाय तुमची."

"अरे पर रस्त्यात पडतो ना काटा."

"मग रस्ता बिमार आहे."

"टॅपेट तरी कस."

"नाय. पहिले दाब, मग आवाज. दोन्ही एकदम केलं तर कशानं काय बरं झालं ते कळणार नाय."

बन्सीला हे पटलं. न पटण्याइतकं त्याला काही कळतही नव्हतं. सरफराजनं जाड तेल काढून पहिल्यासारखं घातलं आणि दाबाचा सेन्सर बदलला. तरी रस्त्यात काटा पडला. मग खालचं तेलाचं भांडं उतरवून पंपाची जाळी पाहिली. जाळी धुतल्यासारखी स्वच्छ होती. गॅरेजात काटा ताठ, रस्त्यावर आडवा. सरफराज आता ट्रकाकडे कमी आणि बन्सीकडे जास्त निरखून बघायला लागला.

घरी चतुराबाईनं विचारलं, "इंजिन खोललं म्हनं?"

"खोललं नाय. झाकन काढलं."

"उद्या मी येते गाडीत. माझ्या डोळ्यानं बघते काटा. आन् कमरोद्दीनभाईला संध्याकाळी या म्हनून सांगितलंय."

सकाळी ती केबिनमध्ये पदर खोचून बसली आणि काट्यावर नजर ठेवली. पडेगाव मागं पडलं. काटा मध्यावर स्थिर होता. छावणीच्या पुढे चढ लागला, टकटक वाढली. बन्सीनं देवीचं नाव घेतलं. सवयीनं हात पुढे करून त्यानं देवीच्या फोटोमागचं रंगीत दिव्यांचं फिरतं चक्र चालू केलं.

"पडला," चतुराबाई म्हणाली.

"बघ. मी खोटं बोलत व्हतो का?"

"ते चक्र बंद करा आधी. डोळ्यात जातंय."

"अगं, अशा टायमाला देवीला अंधारात ठेवू का?"

"बंद करा म्हनलं ना."

त्यानं बंद केलं. काटा वर आला. चतुराबाईनं काट्याकडे पाहिलं, मग चक्राकडे.

"लावा."

काटा खाली.

"बंद करा."

काटा वर. दुकानात बल्ब तपासून घ्यावा तसं तिनं हे शांतपणे पुन्हा पुन्हा करून घेतलं. बन्सीनं ट्रक कडेला लावला, कारण एवढा गोंधळ आणि स्टिअरिंग त्याला एकत्र सांभाळेना.

"हे चक्र बसवलं कुनी?"

"म्या. दसऱ्याला. गाडीची पूजा व्हती."

"वायर कुठं जोडली?"

"जिथं सापडली तिथं."

"आन् गॅरेजात कसा पडत नाय काटा?"

"गॅरेजात समदे शिव्या देतात. देवीच्या कानावर कशाला, म्हनून मी नाक्याच्या आधीच बंद करतो."

आवाज वाढला की नवरा घाबरतो, घाबरला की चक्र लावतो, चक्र लावलं की काटा पडतो, काटा पडला की आणखी घाबरतो, हे चतुराबाई मनातल्या मनात पुन्हा एकदा जुळवून बघत होती.

सरफराजनं हे ऐकलं आणि पान्हा खाली ठेवला. "काट्याचा करंट चक्राची मोटर खात होती भाभी. काटा उपाशी. आणि मी पंप धूत बसलो." त्यानं चक्राला वेगळी वायर दिली, मग टॅपेट कसल्या. इंजिन इतकं गुपचूप चालू लागलं की ते चालू आहे हे बघायला बन्सी खाली उतरला.

संध्याकाळी कमरोद्दीन आला. बन्सी दारातच म्हणाला, "भाई, चक्कर वाया गेली तुमची. गाडी एकदम बरी झाली."

"वाया कशी?" चतुराबाई आतून बाहेर आली. "भाई, आता चांगल्या गाडीचा भाव द्या."

बन्सी उभा होता तिथंच थिजला. "अगं, बिघडली तर इकू म्हनली व्हतीस."

"बिघडली तर भंगारात म्हनले व्हते. चांगल्या गाडीला चांगलं गिऱ्हाईक असतं. मंग कधी इकायची, परत बिघडल्यावर?"

यात चूक कुठे आहे ते बन्सीला सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच, इंजिन थोडं तरी वाजावं असं त्याला वाटलं.

कमरोद्दीननं ट्रकाला फेरी मारली. "भाभी, मला गाडी पाहिजेच होती. जालन्याला लोखंड पाठवतो ना, भाड्याच्या गाडीवाले ऐनवेळी दगा देतात. पण मला चालवता येत नाय." तो बन्सीकडे वळला. "तुम्ही चालवाल का बन्सीभाई?"

बन्सीनं तोंड उघडलं, पण चतुराबाईनं आधी विचारलं. "पगार?"

"महिन्याच्या महिन्याला."

"आन् दुरुस्ती?"

"दुरुस्ती मालकाची. जगाची रीत आहे."

"हो म्हना," ती नवऱ्याला म्हणाली. बन्सी हो म्हणाला, आणि आपण ट्रक गमावला की मिळवला याचा विचार करत उशिरापर्यंत ओट्यावर बसून राहिला.

आठवड्याभरात लोखंडाची पहिली खेप निघाली. बन्सी त्याच सीटवर होता, शेजारी कमरोद्दीन. चिकलठाणा मागं पडलं तसा कमरोद्दीन पुढे झुकला.

"बन्सीभाई, हा आवाज कसला?"

"कुठला?"

"खालून येतोय. घर्र घर्र."

"मला तर नाय येत."

कमरोद्दीननं डॅशबोर्डला कान लावला, मग दाराला. "आता थांबला. नाय, आला परत. थांबून बघू या का? की तसंच जाऊ?"

बन्सीनं खिडकीवर कोपर टेकवलं. या रस्त्यानं तो कितीदा गेला होता, पण कडेला एवढी झाडं आहेत हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"गाडी तुमची हाय शेठ," तो म्हणाला. "तुमी म्हनाल तसं."