गुडघ्याचं अस्तर

आमच्या गल्लीतले शालिक मास्टर माणसाच्या तोंडाआधी त्याच्या गुडघ्याकडे पाहतात. राम राम करतात तोही खाली बघूनच. मग मान वर करून विचारतात, "उजवा जरा दाबून चालून राह्यले का जी?" तुम्ही ठणठणीत असलात तरी पुढची चार पावलं लंगडतच जाता.

मास्टर म्हणजे टेलर. बालाघाट शहरात चाळीस वर्षं पायाची मशीन चालवली आणि मागच्या दिवाळीच्या शिलाईत उजवा गुडघा टम्म फुगला. डॉक्टरांनी सांगितलं की वाटीखालचा स्नायुबंध ताणलाय आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन पाणी झालंय. दुसरा कोणी घाबरला असता. मास्टर खूश झाले. कोटासारखं गुडघ्यालाही अस्तर असतं हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि देव आपल्याच धंद्यातला निघाला याचा त्यांना फार अभिमान वाटला.

तेव्हापासून गल्लीत कोणाचा गुडघा सुरक्षित नाही. सुजलेल्या, गरम गुडघ्यावर कोणी कढत तेल चोळताना दिसलं की हे बाटलीच काढून घेतात. "तापल्या अस्तरावर इस्त्री फिरवते का कोणी? बर्फ लावा, फडक्यात गुंडाळून." उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पण नुसतं पलंगावर लोळायचंही नाही. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा मोजायचे, हळूच खाली ठेवायचा. हा व्यायाम त्यांनी चहाच्या टपरीवर आम्हा सगळ्यांकडून करून घेतलाय. माझी पँट शिवली तीही गुडघ्यात दोन बोटं ढिली, मी न सांगता.

रामपायलीला एका लग्नात पंगतीसाठी ते स्वतःची घडीची खुर्ची घेऊन गेले. वरपक्षाला वाटलं, कोणी बडे साहेब आले. त्यांनी हार घातला. मास्टरांनी तो घालून घेतला आणि नवरदेवाच्या मामाला मांडी घालण्याचे तोटे ऐकवले.

एवढं सगळं करूनही त्यांची स्वतःची सूज काही उतरेना. मशीनला मोटर बसवली, दोनदा पाणी काढलं, तरी गुडघा तसाच. शेवटी डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दुर्बिणीनं ऑपरेशन करावं लागेल, मग महिनाभर तरी जपावं लागेल. हे ऐकून मास्टरांनी लगेच दुसराच विषय काढला. घरात ते आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, दोघंच. हा माणूस काहीतरी चोरून करतोय, अशी मला शंका आली आणि रागही आला.

एका दुपारी मी दुकानात गेलो तर मोटर बंद होती. दुकानामागेच घर, दार उघडं. मास्टर जमिनीवर चक्क मांडी घालून बसले होते. समोर वहिनी, मध्ये भाताचं ताट. दोन वर्षांपासून वहिनींची आठवण जात चालली आहे, हे गल्लीला ठाऊक होतं. आम्ही त्यावर बोलत नसू.

मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. वहिनींचं पोटभर जेवून झालं, मगच ते माझा खांदा धरून उठले. उठायला त्यांना फार वेळ लागला, आणि कपाळावर घाम आला होता. दुकानात आल्यावर मी त्यांना चांगलं झापलं. गल्लीला शहाणपण शिकवता आणि स्वतः असं करता, म्हटलं.

"बाबूजी, खुर्चीवर बसलो का थे मले कोणी साहेब समजते. डोक्यावर पदर घेते अन् जेवतच नाही. खाली बसलो का म्हणते, आले का जी तुमी, घ्या, जेवा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी कसंबसं म्हणालो की मग ऑपरेशन तरी करून टाका, आम्ही सगळे आहोत.

मास्टर गुडघा चोळत राहिले. "मी तं हौ म्हणलो असतो जी. पण महिनाभर तिच्यासमोर खाली कोण बसन?"