चौदा ठिकाणची टिंबं

आर्विड लुंडच्या कागदावर चौदा ठिकाणी टिंबं होती. प्रत्येक ठिकाणी चार, अगदी सारख्या अंतरावर. गुंडांच्या रॅप गाण्यांना तो गिटारवर संथ, हळवी चाल लावायचा; पण मिनेसोटातल्या कर्मठ लूथरन ख्रिस्ती घरात वाढलेल्या त्याच्या हातून शिवी लिहिली जात नसे; तिच्या जागी तो टिंबं द्यायचा. ती तो फक्त गायचा, शुक्रवारी, बारमध्ये. ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची.

आता बारवाल्याला तो रविवारीही हवा होता. पण रविवार चर्चचा; गेली अकरा वर्षं तिथली गाणी तोच निवडायचा आणि गायचा. राजीनामा फेब्रुवारीपासून गिटारच्या पेटीत पडून होता. पास्टर कारीन समोर आल्या की त्याच्या तोंडून एवढंच निघे, "हवा छान आहे."

त्या रविवारी प्रार्थनेचा छापील कागद हातात आला. शेवटी त्याचं बारमधलं गाणं छापलेलं होतं.

"लॉरेनबाई, हे कुठून आलं?" त्याने चर्चच्या कारकूनबाईंना कुजबुजत विचारलं.

"तुझ्याच फायलीतून. शेवटचं गाणं द्यायला विसरलास ना, मेल्या! टिंबं तेवढी मी भरली. चौदाही ठिकाणी 'प्रभू' कसं चपखल बसलं!"

"वाचलंत तरी का?"

"वाचलं की. वैरी घेरतात, मित्र दगा देतात, रात्री डोळ्याला डोळा नाही. स्तोत्रच ते! पोलिसांचं कडवं जरा आधुनिक आहे, इतकंच."

आर्विडने गिटारवर सुरुवात केली आणि त्याच्यामागून साठ माणसं गाऊ लागली. शेवटच्या कडव्याला रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहिले आणि 'उद्या कोपऱ्यावर ये, प्रभू, मग तुला दाखवतो' हे चार आवाजांच्या मेळात छतापर्यंत घुमलं. कुणीही हसलं नाही. नव्वदीच्या आयनर आजोबांनी रुमाल काढला.

"अकरा वर्षांत आज पहिल्यांदा गायलास, बाबा," नंतर कॉफी पिताना ते म्हणाले. "एरवी नुसते उकडलेले बटाटे वाढतोस."

तेवढ्यात पास्टर कारीन आल्या. "पुढच्या रविवारी बिशप येतायत. हेच घेऊ. शेवटचं कडवं त्यांनाच गायला लावू. अशी आणखी आहेत का रे?"

"बावीस," तो खरं बोलून गेला.

"छान! टिंबं लॉरेन भरेल."

आर्विडने खिडकीबाहेर पाहिलं. "हवा छान आहे," तो म्हणाला.

"आहे," पास्टर म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

आर्विडने कप खाली ठेवला.

"पास्टरबाई, मी चर्च सोडतोय. आणि गाणं बरोबर घेऊन जातोय."